तीस झुडपे, चोवीस रत्ने : 'स्कायरिम'मधील दोन संग्रह-मोहिमांचा प्रकरण अभ्यास

कल्पनाविश्वात घडणाऱ्या आरपीजी खेळांत, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये, अशा कितीतरी साइड क्वेस्ट, म्हणजे दुय्यम मोहिमा असतात, ज्यांत एकाच प्रकारच्या वस्तू ठरावीक संख्येने गोळा करायच्या असतात. कुठे वनस्पती, कुठे रत्ने, कुठे खेळायचे पत्ते, कुठे बिया. त्या केल्या नाहीत तरी मुख्य कथानकाचे काही अडत नाही, आणि तरीही खेळणाऱ्यांचा मोठा वेळ त्यांतच जातो. काहींना शेवटी मनापासून समाधान मिळते, तर काही जण मोहीम पूर्ण करूनही वैतागलेले असतात. बक्षीस चांगले असेल तर समाधान मिळते आणि फुटकळ असेल तर मिळत नाही, असे या फरकाचे नेहमीचे स्पष्टीकरण आहे. ऐरोलीत राहणाऱ्या एका खेळाडूच्या अनुभवावरून मला ते अपुरे वाटते. तिने एकाच खेळातील दोन संग्रह-मोहिमा पूर्ण केल्या. पहिलीने तिला आनंद दिला, तर दुसरीने खेळच नकोसा केला. या दोन्ही मोहिमांच्या शेवटी मिळणारी बक्षिसे मात्र जवळपास एकाच तोलाची होती.

पार्श्वभूमी

ही खेळाडू माझी मावसबहीण आहे. तिच्या संमतीने आणि नाव न देता हे लिहीत आहे. ती आईवडिलांसोबत ऐरोलीत राहते आणि वाशीच्या दाणाबंदरात एका धान्य व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब व मालसाठा सांभाळते. सकाळी ट्रान्स-हार्बरची लोकल, दिवसभर आवक-जावक, पोत्यांची मोजणी आणि पावत्यांशी ताळा, संध्याकाळी पुन्हा लोकल, असा तिचा दिवस असतो. तिच्या कामाचे स्वरूप मुद्दाम सांगत आहे, कारण पुढे त्याचा थेट संबंध येतो. रात्रीची जेवणे आटोपली, घरात सामसूम झाली की ती हेडफोन लावून संगणकावर खेळायला बसते.

'स्कायरिम' हा बेथेस्डा गेम स्टुडिओजचा खेळ ११ नोव्हेंबर २०११ रोजी प्रसिद्ध झाला. तिने घेतली ती २०१६ साली निघालेली स्पेशल एडिशन. खेळ जिथवर आला ते जपून ठेवणाऱ्या तिच्या सेव्ह फाइल्सवर तारखा होत्या, वहीत तिने टिपणे ठेवली होती, आमचे फोनवर बोलणे होत असे आणि सुट्टीच्या दिवशी मी ठाण्याहून जाऊन शेजारी बसत असे. हा अभ्यास एवढ्या सामग्रीवर उभा आहे.

ब्लॅकरीचमधील लाल झुडपे

पहिली मोहीम क्रिमसन निर्नरूट या वनस्पतीची. मुख्य कथानकाच्या ओघात खेळाडू ब्लॅकरीच नावाच्या एका प्रचंड भूमिगत गुहेत उतरतो. तिथे झाडांएवढी चमकणारी अळंबी आहेत, ड्वेमर लोकांचे ओसाड बांधकाम आहे, पाण्याचे प्रवाह आहेत आणि अंधारात वावरणारे आंधळे फाल्मर आहेत. याच गुहेत एका छोट्या घरात सिंडेरियन नावाच्या किमयागाराचा सांगाडा आणि त्याची रोजनिशी सापडते. लाल निर्नरूटचा शोध घेण्यासाठीच तो इथवर आला होता. रोजनिशी वाचली किंवा पहिले झुडूप खुडले की मोहीम सुरू होते. तीस झुडपे गोळा करायची आणि सिंडेरियनला ओळखणाऱ्या अव्रुसा सारेथी या शेतकरी स्त्रीला नेऊन द्यायची, एवढीच मागणी असते. बक्षीस म्हणून अशी क्षमता मिळते की औषध बनवताना २५ टक्के वेळा एकाऐवजी दोन बाटल्या तयार होतात.

नकाशावर या झुडपांच्या खुणा नाहीत. मात्र झुडूप लालसर उजळते आणि सतत एक बारीक, थरथरता, किणकिणल्यासारखा नाद करते. खेळाडूला मिळणारी मदत एवढीच. ती कशी काम करते हे एका रविवारी मला जवळून पाहता आले. ती एका प्रवाहाच्या काठाने चालली होती. संगीताचा आवाज तिने आधीच सेटिंगमध्ये शून्यावर आणला होता, कारण संगीतात तो नाद बुडून जातो. उजव्या कानात किंचित किणकिण आली म्हणून ती थांबली. दृश्य हळूहळू वळवत राहिली, तोवर नाद दोन्ही कानांत सारखा झाला, म्हणजे आता झुडूप नेमके समोर असणार. समोर मात्र नुसता खडक होता. ती चार पावले मागे आली, तसा नाद कमी झाला. खडकाला वळसा घालून खाली उतरली, तसा तो वाढला, पण पाण्याच्या खळखळाटात मिसळला. शेवटी कपारीखाली, पाण्यालगत, ती लाल उजळण दिसली. झुडूप खुडताच नाद तुटला आणि हेडफोन एकदम शांत झाले. "आता पुढचं कुठे वाजतंय बघू," एवढेच ती म्हणाली आणि चालू लागली.

तीस झुडपे भरल्यावर खेळाने तिला अव्रुसाकडे जायला सांगितले. ती लगेच गेली नाही. आणखी काही झुडपे, ज्यांचा मोहिमेला आता काहीच उपयोग नव्हता, तिने केवळ ऐकू आली म्हणून शोधली. बक्षीस म्हणून मिळालेली दुप्पट बाटल्यांची क्षमता तिने पुढे फारशी वापरली नाही, कारण औषधे बनवण्याची तिला आवडच नव्हती. हे बक्षीस तिच्यासाठी जवळपास निरुपयोगी होते, आणि मोहीम तरीही तिच्या आवडत्या आठवणींत जमा झाली.

बॅरेन्झायाची रत्ने

दुसऱ्या मोहिमेची सुरुवात तिच्या नकळत झाली. व्हाइटरन शहरातील जोर्वास्कर या योद्ध्यांच्या वास्तूत, प्रमुखाच्या दालनात, तिला उघड्या सोनेरी डबीत ठेवलेला एक गुलाबीसर खडा दिसला. तो उचलल्यावर याची पारख करणारा कोणीतरी शोधायला हवा, अशी नोंद खेळाने केली. तसाच दुसरा खडा ड्रॅगन्सरीच या राजवाड्यात सरदाराच्या खासगी दालनात सापडला आणि तिसरा पाइनवॉचच्या डाकूंच्या लपवलेल्या खजिन्यात. "या डब्या जिथे तिथे कोणी ठेवल्या असतील?" असे तिने मला फोनवर विचारले होते आणि त्या प्रश्नात खरे कुतूहल होते. वेगवेगळ्या कारणांनी वेगवेगळ्या ठिकाणी फिरताना तिला असे नऊ खडे मिळाले. त्या काळातली तिची टिपणे वाचनीय आहेत, कारण प्रत्येक खड्यापाशी तिने जागेचे वर्णन लिहिले आहे : कोणाची खोली, आत शिरताना कोणी पाहिले का, बाहेर कशी पडले.

पुढे ती रिफ्टन शहरातील थीव्ज गिल्ड या चोरांच्या संघटनेत सामील झाली आणि तिथल्या व्हेक्स या स्त्रीने खड्यांचे रहस्य सांगितले. ही बॅरेन्झाया राणीच्या मुकुटातली रत्ने असून ती एकूण चोवीस आहेत आणि सगळी मिळाली तरच त्यांना मोल आहे. त्या क्षणी नोंदवहीत आकडा उमटला : चोवीसपैकी नऊ. उरलेली पंधरा कुठे आहेत याचा मागमूस खेळ देत नाही. नकाशावर खूण नाही, नाद नाही, कोणाच्या बोलण्यात उल्लेख नाही. रत्ने स्कायरिमभर, म्हणजे खेळातल्या सगळ्या प्रदेशात, विखुरलेली आहेत आणि मोहीम पूर्ण होईपर्यंत ती सामानातून काढताही येत नाहीत. रोज सामान उघडले की अपुरा संग्रह समोर दिसत राहतो.

तिने आधी प्रामाणिकपणे शोध घेऊन पाहिला. आधी पालथ्या घातलेल्या गुहांत ती पुन्हा उतरली. पण कोणती खोली नीट पाहिली होती आणि कोणती घाईत ओलांडली होती हे आता सांगता येत नव्हते. तिथे शोधण्यासारखे काही नाही, हे कळण्याचा मार्गही नव्हता. अखेर तिने फोनवर रत्नांच्या ठिकाणांची यादी उघडली, वहीत एक ते चोवीस आकडे घातले आणि एकेका ठिकाणी जाऊन, रत्न उचलून, टिकमार्क करून, पुढच्या ठिकाणी जायला सुरुवात केली. इथून पुढे टिपणांतली वर्णने थांबतात. विंडहेल्मच्या राजवाड्यातील रत्नासमोर फक्त एक टिकमार्क आहे.

त्या दिवसांत ती मला म्हणाली, "दादा, हे खेळणं राहिलं नाही. दिवसभर पेढीवर जे करते तेच रात्री घरी करतेय. पोत्यांच्या जागी खडे आले, एवढंच."

मी तिला सोडून दे म्हटले. तिने सोडले नाही. उलट बावीस रत्ने झाल्यावर ती पूर्वीपेक्षा जास्त वेळ आणि जास्त वेगाने खेळू लागली, आणि सकाळच्या लोकलची पर्वा न करता रात्री उशिरापर्यंत जागली. चोविसावे रत्न मिळाल्यावर व्हेक्सने मुकुट आणायला टोल्वाल्ड्स केव्ह या लांबलचक गुहेत पाठवले. तो आणून दिल्यावर पेट्यांत व मडक्यांत रत्ने सापडण्याची शक्यता बरीच वाढवणारी क्षमता बक्षीस म्हणून मिळाली. मुकुट तिला घालायला मिळाला नाही. तोवर तिच्याजवळ इतके सोने साठले होते की अधिक रत्ने विकून मिळणाऱ्या पैशाचे काय करायचे हाच प्रश्न होता. त्या रात्री तिने खेळ बंद केला आणि नंतर कित्येक आठवडे उघडला नाही.

फरक कशाचा?

पहिली शंका बक्षिसाची. दोन्ही बक्षिसे कायमच्या क्षमतेच्या स्वरूपाची होती, आणि दोन्ही तिच्या उपयोगाची नव्हती. तेव्हा फरक तिथे शोधण्यात अर्थ नाही. दुसरी शंका अवघडपणाची, पण ब्लॅकरीच बहुतेक रत्नांच्या जागांपेक्षा कितीतरी धोक्याचे आहे. तिसरी शंका थकव्याची : दुसरी मोहीम नंतर आली, तोवर खेळाचा कंटाळा आला असेल. ही शंका अधिक गंभीर आहे, पण तिचे उत्तर दुसऱ्या मोहिमेच्या आतच मिळते. पहिली नऊ रत्ने आनंदाने मिळवली गेली आणि पुढची पंधरा ओझे होऊन. तोच खेळ, तीच खेळाडू, तीच रत्ने, आणि बदल हळूहळू झाला नाही, तर यादी हातात आली त्या रात्री एकदम झाला. टिपणांतील वर्णने जिथे संपतात ती जागा मला या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

आनंद वस्तू मिळण्यात होता त्यापेक्षा ती मिळवताना स्वतःच्या इंद्रियांना आणि तर्काला काम मिळण्यात होता. निर्नरूटचा नाद हे एक साधे, पण अत्यंत प्रामाणिक साधन आहे. तो खेळाडूला जागा सांगत नाही, दिशा सांगतो, आणि ती दिशाही चूक-बरोबर पडताळून पाहावी लागते. मुख्य म्हणजे नाद नसेल तर इथे काही नाही, हेही तो सांगतो. संग्रह-मोहिमांच्या रचनेत ही नकारात्मक माहिती फार मोलाची असते आणि तिच्याकडे फार थोडे लक्ष दिले जाते. बॅरेन्झायाच्या रत्नांत ती नाही, त्यामुळे रिकामी खोली आणि नीट न पाहिलेली खोली यांत भेद उरत नाही. अशा स्थितीत यादी उघडणाऱ्या खेळाडूला उतावीळ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. रचनाच तिला यादीकडे ढकलते.

दुसरी गोष्ट शिलकीची. ब्लॅकरीचमध्ये तीसपेक्षा जास्त लाल झुडपे आहेत. एखादे कपारीत राहून गेले तरी बिघडत नाही, त्यामुळे सापडलेले प्रत्येक झुडूप ही कमाई ठरते. रत्ने मात्र चोवीस हवीत आणि जगात आहेतही चोवीसच. अशा वेळी न सापडलेले प्रत्येक रत्न ही तूट होते, आणि साठ्यातली तूट भरून काढणे हे माझ्या बहिणीच्या नोकरीचे काम आहे. मागणी आणि उपलब्धता तंतोतंत सारखी ठेवली की शोधाचा हिशेब होतो, हे तिने पेढीच्या उदाहरणाने सांगितले ते माझ्या कोणत्याही विश्लेषणापेक्षा नेमके आहे.

याच कसोटीवर इतर खेळ पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होते. २०१७ साली आलेला 'द लेजेंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड' काटेकोर अर्थाने आरपीजी नसला तरी त्याचे उदाहरण इथे टाळता येत नाही. त्यात कोरोक नावाच्या छोट्या वनजीवांकडून मिळणाऱ्या ९०० बिया आहेत. पण शस्त्रे-ढालींसाठीची सगळी जागा वाढवायला ४४१ बिया पुरतात. म्हणजे निम्म्याहून अधिक बिया शिलकीच्या आहेत, आणि खेळाडू जिकडे जाईल तिकडे त्याला काहीतरी मिळावे यासाठी त्या पसरलेल्या आहेत. शिवाय बिया जसजशा मिळतात तसतशी जागा वाढते, शेवटपर्यंत थांबावे लागत नाही. सगळ्या ९०० जमवणाऱ्याला विष्ठेच्या आकाराची एक सोनेरी भेट मिळते, जिच्यामुळे हेस्टू हे पात्र हवे तेव्हा नाचून दाखवते. या भेटीवर अनेक खेळाडू रागावले. मला मात्र ती रचनाकारांची स्पष्ट सूचना वाटते : इथवर येण्याची गरज नव्हती.

टप्प्याटप्प्याने बक्षीस देण्याची कल्पना बेथेस्डाला अपरिचित होती असेही नाही. त्याच कंपनीच्या २००६ सालच्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये हाच सिंडेरियन, तेव्हा जिवंत असलेला, खेळाडूकडून आधी दहा, मग वीस, मग तीस आणि शेवटी चाळीस निर्नरूट मागतो, आणि दर टप्प्याला अधिक प्रभावी औषध बनवून देतो. एकूण मागणी शंभराची आहे, पण ती एकदम छातीवर येत नाही, आणि कोणत्याही टप्प्यावर थांबले तरी हातात काहीतरी असते. रत्नांच्या मोहिमेत तेवीस जमवणाऱ्याच्या आणि एक जमवणाऱ्याच्या हाती येणारे फळ सारखेच असते, म्हणजे काहीच नाही.

मानसशास्त्रातील एक प्रसिद्ध प्रयोग अशा चर्चेत हमखास पुढे केला जातो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चित्रे काढण्याची मुळात आवड असलेल्या लहान मुलांना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले, तेव्हा नंतरच्या मोकळ्या वेळात ती मुले चित्रांकडे कमी वळली. अनपेक्षितपणे प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांत तशी घट दिसली नाही. व्हेक्सने बक्षिसाची शर्त सांगितल्यावर आनंद ओसरला, हे या निष्कर्षाशी जुळते. पण केवळ एवढ्याने या प्रकरणाचा उलगडा होत नाही, कारण निर्नरूटच्या मोहिमेतही तीसचा आकडा पहिल्यापासून समोर होता आणि तिथे आनंद टिकला. आकडा घातक ठरतो तो शोधाचे साधन नसताना, असे मी म्हणेन.

बावीस रत्नांनंतर वाढलेल्या वेगाचेही स्पष्टीकरण हवे. ध्येय जवळ आले की प्रयत्न वाढतात, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी १९३० च्या दशकात, चक्रव्यूहात धावणाऱ्या उंदरांच्या आधारे मांडले होते. माझ्या बहिणीच्या बाबतीत प्रयत्न वाढत गेले आणि आनंद घटत गेला, दोन्ही एकाच वेळी. इथे खेळ बनवणाऱ्यांनी आवर्जून थांबून पाहावे, असे मला कळकळीने वाटते. किती खेळाडूंनी मोहीम पूर्ण केली, किती वेळ दिला, शेवटचे टप्पे किती वेगाने पार केले, हे आकडे आज सहज मिळतात आणि या तिन्ही मोजमापांत रत्नांची मोहीम माझ्या बहिणीपुरती यशस्वी ठरेल. तिने दुसऱ्या दिवशी खेळ उघडला का, हा प्रश्न त्यांत येत नाही.

या प्रकरणाची मर्यादाही नोंदवायला हवी. घोडबंदर रोडला राहणारा माझा शाळकरी भाचा याद्या पूर्ण करण्यातच रमतो आणि त्याने हीच रत्ने फोनवरच्या यादीनुसार, पहिल्यापासून शेवटपर्यंत, खुशीत गोळा केली. रिचर्ड बार्टल यांनी १९९६ साली, एकत्र खेळल्या जाणाऱ्या मजकूर-आधारित खेळांच्या संदर्भात, काही खेळाडू साध्य गाठण्यासाठी तर काही धुंडाळण्यासाठी खेळतात असा भेद केला होता. भाचा पहिल्या गटातला म्हणता येईल. पण स्वभावाइतकाच दिवसभराच्या कामाचाही हा परिणाम असावा. ज्याचा दिवस मोजदादीत जात नाही त्याला रात्रीची मोजदाद नवी वाटू शकते. बहिणीला ती नवी नव्हती.

त्यानंतर

सध्या ती 'द विचर ३ : वाइल्ड हंट' खेळते आहे. २०१५ सालच्या या खेळाच्या नकाशात, स्केलिगे बेटांभोवतीच्या समुद्रावर, न पाहिलेली ठिकाणे दाखवणाऱ्या प्रश्नचिन्हांची दाट गर्दी आहे. त्यांतल्या बहुतेक ठिकाणी होडीने जाऊन, सायरन नावाचे राक्षसी जीव मारून, तस्करांचा बुडालेला माल वर काढायचा असतो. पुष्कळ खेळाडूंनी ती सगळी प्रश्नचिन्हे केवळ नकाशा स्वच्छ व्हावा म्हणून संपवली. डिसेंबर २०२२ च्या मोठ्या सुधारणेत ही प्रश्नचिन्हे नकाशावर आपोआप दिसू नयेत अशी सोय आली. तिने पहिल्यापासून त्याच सोयीने खेळायला सुरुवात केली, त्यामुळे समुद्र तिला फक्त समुद्र दिसतो.

ग्वेंट या, खेळातच खेळल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या खेळाचे पत्ते मात्र ती जमवते. गावोगावचे व्यापारी आणि खाणावळवाले यांच्याशी डाव जिंकून बरेच पत्ते मिळतात, म्हणजे अशा प्रत्येक पत्त्यामागे एक डाव असतो आणि नवा पत्ता लगेच पुढच्या डावात वापरता येतो. सगळे पत्ते जमवण्याची मोहीमही या खेळात आहे. त्यातले काही पत्ते योग्य वेळी न घेतल्यास हातचे जाऊ शकतात, अशी तक्रार सुरुवातीपासून होती. पुढील सुधारित आवृत्तीत, किती पत्ते उरले आणि ते कुठे मिळतील हे सांगणारे एक पुस्तक खेळातच विकत घेण्याची सोय झाली. तक्रार करणाऱ्यांना ते पुस्तक हवेच होते आणि ते देणे योग्यच झाले, कारण ते घ्यायचे की नाही हे खेळाडूवर सोडलेले आहे. तिने ते अजून घेतलेले नाही. किती पत्ते राहिले असे मी परवा विचारले, तर ती म्हणाली, "माहीत नाही, पण नोव्हिग्राडमधल्या एका व्यापाऱ्याशी दोनदा हरलेय, आज त्याला सोडत नाही."